महावृक्ष आणि त्यांचे चित्रकार

प्रचंड झाडाचे चित्र काढणे वाटते तितके सोपे नाही. डोंगराचे चित्र काढता येते, कारण डोंगर दूर असतो आणि मधली हवा, धुके, निळाई त्याचे प्रमाण सांगते. समुद्राला क्षितिज असते. अडीचशे फुटांचे झाड मात्र अरण्यात उभे असते. ते समग्र दिसावे म्हणून मागे सरकावे तर मध्ये त्याच्याच तोलाची दुसरी झाडे येतात आणि जवळ जावे तर बुंध्यापलीकडे काही दिसत नाही. बरे, कसेबसे ते कापडावर उतरवले तरी दोन हातांच्या चौकटीत अडीचशे फुटांचा वृक्ष आणि परसातला शेवगा यांत फरक तो काय उरणार? मग चित्रकार एक जुनी युक्ती करतो. बुंध्याशी तो बोटाच्या पेराएवढा माणूस उभा करतो. पाहणारा त्या माणसाकडे पाहतो, मग वर पाहतो आणि 'अबब' म्हणतो.

या 'अबब'पलीकडे महावृक्षाच्या चित्रात काही असू शकते काय, असा प्रश्न आम्हांला बरीच वर्षे पडलेला आहे. त्यास आमची नोकरी थोडी कारणीभूत आहे. रस्त्यासाठी वा कालव्यासाठी जमिनी संपादन होत, तेव्हा त्यांवरील झाडांचा पंचनामा करण्याचे काम अनेकदा वाट्याला येई. छातीच्या उंचीवर फीत धरून घेर घ्यावयाचा, जात लिहावयाची, फळझाड की इमारती लाकडाचे ते नोंदवायचे आणि शेवटी किंमत मांडायची. वयाचाही एक रकाना असे. आंबा, चिकू यांच्यापुढे तलाठी अदमासे आकडा घाली. वडा-पिंपळापुढे नुसते 'जुने' असे लिहून मोकळा होई. घेर फूट-इंचांत आणि वय मात्र एका शब्दात! चित्रकलेच्या इतिहासातही हा वयाचा रकाना बहुधा असाच राहून गेला आहे, असे आमचे मत झाले आहे. झाडाची उंची पुष्कळांनी रंगवली, पण त्याचे वय रंगवणारे विरळा. ते का, आणि ज्यांना ते साधले त्यांना कशामुळे साधले, याचा विचार तीन-चार चित्रकारांच्या आधारे येथे करावयाचा आहे.

आरंभ घराजवळून करू. भडोचजवळ नर्मदेच्या पात्रातील बेटावरचा कबीरवड वडोदऱ्याच्या मराठी मंडळींना नव्याने सांगावयास नको. ईस्ट इंडिया कंपनीचा जेम्स फोर्ब्स हा अधिकारी अठराव्या शतकात भडोच येथे होता. चित्रे काढण्याचा त्याला नाद होता. १८१३ साली प्रसिद्ध झालेल्या 'ओरिएंटल मेम्वार्स' या आपल्या ग्रंथात त्याने या वडाचे वर्णन केले आहे आणि चित्रही दिले आहे. वर्णनात आकडेच आकडे आहेत : मुख्य खोडांभोवतीचा परीघ सुमारे दोन हजार फूट, मोठी खोडे साडेतीनशे, लहान तीन हजारांवर, आणि सात हजार माणसे विसावतील एवढी सावली. कंपनीचा नोकर तो. मोजल्यावाचून त्यास राहवेना, हे आम्ही समजू शकतो! तथापि त्याचे शब्द जे सांगतात ते त्याच्या चित्राला सांगता आलेले नाही, आणि हा दोष केवळ त्याच्या हाताचा नव्हे. वड हे झाड नसून झाडाचे गाव आहे. त्याला उंचीचा तोरा नाही. पारंब्या खाली येऊन खोड होतात, जुने खोड पुरात वाहून जाते, आणि कोणते मूळचे व कोणते मागाहूनचे हे खुद्द वडालाही सांगता येऊ नये. ज्याला एक देह नाही त्याचे व्यक्तिचित्र काढावयाचे कसे? चित्रात येते ते त्याचे एक दालन, आणि ते कोणत्याही मोठ्या वडाचे असू शकते.

सूचिपर्णी महावृक्षांचे तसे नाही. त्यांना एक खोड, एक शेंडा आणि पोटात वर्षागणिक एक वलय असते. म्हणूनच या विषयाची खरी कसोटी उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर लागली. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतातील सिकोया वृक्षांची वार्ता बाहेरच्या जगाला लागली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, सोन्याच्या शोधात माणसांचे लोंढे तिकडे धावत होते तेव्हा. वार्ता लागल्यावर पहिली गोष्ट काय घडावी? कॅलाव्हेरास येथील सर्वांत मोठे म्हणून गाजलेले झाड १८५३ साली पाडण्यात आले. एवढ्या जाडीची करवतच नव्हती, म्हणून पाण्याच्या नळांना भोके पाडण्याच्या लांब गिरमिटांनी बुंध्याला आरपार छिद्रे पाडली. त्यास २२ दिवस लागले. उरलेल्या खोडाचा माथा गुळगुळीत करून त्यावर नाचाची जमीन केली. त्याची वलये साडेबाराशेच्या आसपास भरली, म्हणजे आपल्याकडे चालुक्यांचे राज्य होते तेव्हाचे ते रोप. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका झाडाची साल शंभराहून अधिक फुटांपर्यंत सोलून काढली आणि तिचे तुकडे जुळवून न्यूयॉर्कला व नंतर लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये प्रदर्शनात मांडले. १८६६ च्या आगीत ती जळाली. सोललेले झाड इकडे उभ्या उभ्या मेले. आणि यातला क्रूर विनोद असा की, प्रदर्शन पाहणाऱ्यांतील बऱ्याच जणांना ती थाप वाटली. इतके मोठे झाड असूच शकत नाही, तुकडे जोडून केलेली ही बनावट आहे, असे त्यांचे म्हणणे पडले.

वर चित्रकारांविषयी जे म्हटले त्याची मेख येथे आहे. या झाडांच्या चित्रांना कलाकृती होण्याआधी साक्षीदार व्हावे लागले. कार्लटन वॉटकिन्स या छायाचित्रकाराने १८६१ साली योसेमिटी आणि मारिपोसा येथील वनांत अवजड कॅमेरा व काचेच्या मोठमोठ्या पट्ट्या खेचरांवर लादून नेल्या. 'ग्रिझली जायंट' या वृक्षाचे त्याचे छायाचित्र पूर्वेकडील शहरांत पोहोचले आणि लोकांचा विश्वास बसू लागला. १८६४ साली, यादवी युद्ध चालू असताना, अध्यक्ष लिंकन यांनी योसेमिटीचे खोरे आणि मारिपोसाचे वन सार्वजनिक उपयोगासाठी राखून ठेवणाऱ्या कायद्यावर सही केली. छायाचित्रांमुळेच कायदा झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु ज्यांनी मते दिली त्यांच्यापैकी फारच थोड्यांनी ती झाडे डोळ्यांनी पाहिली होती, हे विसरून चालणार नाही.

या पार्श्वभूमीवर ॲल्बर्ट बीअरस्टाट येतो. जन्म १८३० चा, जर्मनीतील, बालपण अमेरिकेत, चित्रकलेचे शिक्षण पुन्हा जर्मनीत, ड्युसेलडॉर्फ येथे. पश्चिमेकडील पर्वतांची त्याची भव्य चित्रे एके काळी तिकीट लावून दाखवली जात. 'मारिपोसा वनातील महावृक्ष' हे त्याचे १८७६ चे चित्र सुमारे दहा फूट उंच आणि पाच फूट रुंद आहे. म्हणजे चौकटीलाच त्याने झाडाचा आकार दिला. मध्यभागी तोच ग्रिझली जायंट, सुमारे तीन हजार वर्षांचा मानला गेलेला. बुंध्याशी पेराएवढी माणसे. ही माणसे आपल्याला ओळखीची आहेत. त्यांची गाठ आरंभीच पडली.

बीअरस्टाटचे कसब नाकारण्यात अर्थ नाही. दालचिनी रंगाची ती तंतुमय साल, तिच्या उभ्या पन्हळी, जुन्या वणव्यांनी बुंध्यात पाडलेली काळी खिंडारे हे सारे त्याने नीट पाहिले आहे. परंतु त्याचा उजेड नाटकगृहातला आहे. पडदा वर जातो, डावीकडून सोनेरी झोत येतो आणि नायक प्रवेश करतो. हा वृक्ष आपल्यासाठी उभा आहे, आपण येण्याची वाट पाहत होता, असे काहीसे त्या उजेडात आहे. तीन हजार वर्षे कुणाची वाट न पाहता जो उभा राहिला त्याच्यावर हा अन्यायच म्हणावयाचा. आणखी एक गोष्ट आमच्यासारख्या, छापील प्रतींवर गुजराण करणाऱ्या रसिकाला लगेच जाणवते. पुस्तकाच्या पानावर हे चित्र आले की ते मरते. जे मोठेपण दहा फुटांच्या कापडावर अवलंबून होते ते पोस्टकार्डावर कोठून राहणार?

त्याचे १८७४ चे 'कॅलिफोर्नियातील प्रचंड रेडवुड वृक्ष' हे चित्र आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते, परंतु वेगळ्या कारणासाठी. यात बुंध्यांच्या गाभाऱ्यात, पाण्याच्या डोहाकाठी, एक मूलनिवासी कुटुंब दाखवले आहे. सर्वत्र शांतता आणि कोवळा उजेड. जणू सृष्टीच्या आरंभीची सकाळ. वस्तुस्थिती अशी की १८५१ साली 'मारिपोसा बटालियन' नावाच्या सशस्त्र तुकडीने योसेमिटीच्या खोऱ्यात शिरून तेथील आहवानीची लोकांना हुसकून लावले होते. त्यानंतर २३ वर्षांनी, त्याच कॅलिफोर्नियाच्या महावृक्षांखाली, चित्रकार मूलनिवासींना निवांत बसवतो! झाडे पाडली जात होती तेही या चित्रात नाही आणि माणसे हाकलली गेली तेही नाही. येथे झाडाचे वय आहे असे कुणी म्हणेल. ते वय नव्हे, तो कालाचा अभाव आहे. वय म्हणजे सोसलेले. ज्या चित्रात काहीच घडलेले नाही त्यात वय असू शकत नाही.

जाता जाता इव्हान शिश्किन या रशियन चित्रकाराचा उल्लेख करू. १८९८ साली, मृत्यूच्या वर्षी, त्याने आपल्या येलाबुगा गावाकडच्या पाइन वृक्षांचे एक मोठे चित्र पूर्ण केले. त्याच्या नावाचा अर्थ 'जहाजांची राई'. सरळसोट, उन्हात न्हालेले बुंधे, पायाशी उथळ झरा. चित्र सुंदर आहेच. परंतु नावाकडे पाहा : ही झाडे डोलकाठ्यांसाठी राखलेली. झाडे उभी आहेत आणि त्यांच्या नावात कुऱ्हाड आधीच पडलेली आहे. शिश्किनला यात विसंगती वाटली असेल असे दिसत नाही. त्याची झाडे वयात आलेल्या पिकासारखी प्रसन्न आहेत.

मेरिअन नॉर्थ या बाईंचे प्रकरण निराळे. त्यांची चित्रे आम्हांला प्रत्यक्ष पाहावयास मिळाली, कारण चिरंजिवांकडे लंडनला गेलो असता क्यू येथील उद्यानात दोन दिवस घालवता आले. १८३० साली जन्मलेल्या, श्रीमंत घरच्या आणि अविवाहित राहिलेल्या नॉर्थबाईंनी वडिलांच्या निधनानंतर १८७१ पासून चौदा-पंधरा वर्षे पृथ्वीभर हिंडून वनस्पतींची चित्रे काढली, आणि ती ठेवण्यासाठी स्वखर्चाने क्यू येथे दालन बांधून दिले. ते १८८२ मध्ये खुले झाले. दालनाचा आराखडा जेम्स फर्ग्युसन यांचा. अजिंठा-वेरूळच्या लेण्यांविषयी ज्यांना कुतूहल आहे त्यांना हे नाव ठाऊक असेलच. भिंतीवर आठशेहून अधिक चित्रे एकाला एक खेटून लावली आहेत, बोटभरही जागा मोकळी नाही. एखाद्या जुन्या वाड्यातल्या देवघराची आठवण व्हावी!

१८७७ ते १८७९ या काळात त्या हिंदुस्थानात होत्या. तंजावरला ए. सी. बर्नेल या न्यायाधीशाकडे त्या राहिल्या. तंजावरच्या मराठी राजांच्या ग्रंथसंग्रहातील संस्कृत हस्तलिखितांची सूची करणारे ते हेच बर्नेल. हिंदूंना पवित्र असलेल्या वनस्पतींची चित्रे काढण्याची दिशा त्यांनी नॉर्थबाईंना दिली. आपल्याकडच्या झाडांकडे केवळ 'नमुना' म्हणून न पाहता त्यांच्याशी माणसांचे काय नाते आहे हे विचारणारी ही दृष्टी होती, आणि ती तंजावरच्या मराठी दफ्तराच्या सावलीत रुजली, याचे आम्हांला अप्रूप वाटते.

महावृक्षांच्या बाबतीत नॉर्थबाईंनी एक शहाणपण केले. १८७५ साली कॅलिफोर्नियात गर्नव्हिल येथे काढलेल्या त्यांच्या चित्राचे नावच 'रेडवुडच्या झाडांखाली' असे आहे. शेंडा दाखवण्याचा हव्यास नाही. सावलीत उभे राहून जेवढे दिसते तेवढेच. गंमत अशी की या गर्नव्हिलचे त्या काळचे टोपणनाव 'खुंटगाव' असे होते, इतकी झाडे तेथे तोडली गेली होती. हे त्यांना दिसले नाही असे नव्हे. शतकानुशतके ज्याला रानटी म्हटलेल्या माणसांनी धक्का लावला नाही ते सुधारलेला माणूस चार वर्षांत उधळतो, अशा अर्थाचे जळजळीत उद्गार त्यांच्या आत्मचरित्रात आहेत. परंतु ते आत्मचरित्रात आहेत. चित्रात हिरवी सावली आहे. लेखणीने जे सांगितले ते कुंचल्याने का टाळले? आमचे उत्तर असे : त्यांना जगाची नोंद करावयाची होती, आणि नोंद करणारा मनुष्य जे आहे ते लिहितो, जे गेले ते नाही. पंचनामे केलेल्या माणसाला हा स्वभाव चांगला परिचित आहे.

तथापि त्या दालनात एक गोष्ट आहे, जिच्यापुढे आम्ही चित्रांपुढे थांबलो त्याहून अधिक वेळ थांबलो. चित्रांच्या खाली, भिंतीच्या कमरेएवढ्या भागात, नॉर्थबाईंनी प्रवासात जमवलेल्या २४६ प्रकारच्या लाकडांच्या फळ्या बसवल्या आहेत. वर झाड रंगात, खाली लाकूड प्रत्यक्षात. कुणी मुद्दाम योजले असते तर याहून बोचरी मांडणी सुचली नसती. बाईंच्या मनात ते नसावे. त्यांना केवळ संग्रह पुरा करावयाचा होता. पण चित्रात जी कुऱ्हाड आली नाही ती अशी भिंतीत येऊन बसली आहे.

आता एमिली कार. आमच्या मते या विषयात सर्वांत खोलवर गेलेली चित्रकर्ती हीच. कॅनडाच्या पश्चिम टोकाला व्हँकूवर बेटावर व्हिक्टोरिया या गावी ती १८७१ साली जन्मली आणि १९४५ साली तेथेच वारली. सॅन फ्रान्सिस्को, इंग्लंड आणि फ्रान्स येथे शिकून आली. १९१२ साली किनाऱ्यावरच्या मूलनिवासी गावांतून फिरून तिने त्यांच्या कोरीव स्तंभांची चित्रे काढली. १९१३ मध्ये ती मांडली, पण तिच्या प्रांताच्या सरकारने ती विकत घेतली नाहीत. पुढची पंधराएक वर्षे तिने भाडेकरू ठेवून, कुत्री पाळून, मातीची भांडी करून पोट भरले. १९२७ साली ओटाव्याच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयातील प्रदर्शनात तिची चित्रे लागली, लॉरेन हॅरिससारख्या चित्रकाराने तिला ओळखले, आणि मग वयाच्या साठीच्या आसपास तिने अरण्य रंगवावयास घेतले. म्हणजे ज्या वयात आम्ही निवृत्तिवेतनाचे कागद जुळवीत होतो त्या वयात!

पैशांची चणचण असल्यामुळे तिने स्वस्त खाकी कागद घेतला, तैलरंगात पेट्रोल मिसळून तो पातळ केला. रंग झटकन वाळे, कुंचला सरसर चाले, आणि सारे सामान घेऊन जंगलात बसता येई. जुनी गाडी घेऊन तिचे फिरते घर केले आणि त्यास 'हत्ती' असे नाव दिले. उन्हाळा-पावसाळा ती त्यात राहून चित्रे काढी. कागदावर तेलरंग नॉर्थबाईंनीही वापरला होता. एकीने सोयीसाठी, दुसरीने गरजेसाठी. परंतु कारच्या बाबतीत या पातळ रंगाने शैलीच बदलली. झाड ही वस्तू न राहता हालचाल झाली. आकाशात उजेडाची वलये, फांद्यांत वारा, सारे एकाच झपाट्याने वाहणारे.

१९२९ चे तिचे 'इंडियन चर्च' हे चित्र पाहावे. २०१८ साली टोरांटोच्या संग्रहालयाने त्याचे नाव बदलून 'युक्वॉट गावातील चर्च' असे केले. गर्द हिरव्या, जवळजवळ दगडात कोरल्यासारख्या झाडांच्या भिंतीसमोर एक पांढरे चर्च. येथे प्रमाण दाखवण्यासाठी माणूस नाही. माणसाने बांधलेली वस्तू आहे, आणि ती झाडांना मोठे करीत नाही, झाडे तिला गिळू पाहतात. बीअरस्टाटचा माणूस झाडाकडे पाहतो. येथे पाहणारे अरण्य आहे. हा फरक थोडा नव्हे.

पण वयाचा रकाना भरला जातो तो १९३५ च्या चित्रात. त्याचे नाव मराठीत 'लाकूड म्हणून झिडकारलेला, आकाशाचा लाडका' असे करता येईल. तोड झालेल्या माळावर एकच उंच, किरकोळ झाड उभे आहे. खोड बारीक, शेंड्याला पानांचा झुबका, भोवती खुंट आणि झुडपे. वरचे सारे आकाश त्या झुबक्याभोवती उजेडाने फिरते आहे. लाकूडतोड्यांनी हे झाड ठेवले ते दयेने नव्हे. त्याचे लाकूड कामाचे नव्हते म्हणून. महावृक्ष या चित्रात नाहीच, तो गेलेला आहे. आणि तरीही महावृक्षाचे वय, त्याने व्यापलेली जागा, त्याच्या अभावाची उंची हे सारे या कुचकामी झाडाभोवतीच्या मोकळ्या आकाशात दिसते. जे आकाश पूर्वी दिसतच नव्हते ते आता दिसते, आणि तेच सांगते की येथे कोण उभे होते.

खुंटांची तर तिने कितीतरी चित्रे काढली. मोठे झाड एका बाजूने करवतीत असता शेवटचा न कापलेला भाग झाडाच्या वजनाने फाटतो, आणि त्याची टोकदार ढलपी खुंटावर उभी राहते. या ढलप्यांना तिने रोजनिशीत किंकाळीवरून नाव दिले आहे. झाड पडतानाचा आवाज लाकडात गोठून राहावा तसे ते. आम्ही शेकडो तोडलेली झाडे सरकारी कामात पाहिली. खुंटाचा घेरही घेतला. या ढलपीला काही नाव असू शकते हे या बाईंमुळे कळले. शिवाय या चित्रांचे मोठेपण आकारावर विसंबलेले नसल्याने ती छापील पानावरही मरत नाहीत.

कारवर एक आक्षेप घेतला जातो व तो रास्त आहे. तिच्या उत्तरायुष्यातील अरण्ये निर्मनुष्य आहेत. ज्या मूलनिवासी लोकांचे हे अरण्य होते ते चित्रातून निघून गेले, त्यांची नुसती पोकळ पवित्रता मागे राहिली. लाल सिडार हे त्या लोकांचे घर, होडी, दोर, वस्त्र आणि स्तंभ, सारे काही. उभ्या, जिवंत झाडाची एका बाजूची साल किंवा फळी काढून घेऊन झाड तसेच वाढू देण्याची त्यांची रीत होती, आणि अशी व्रण असलेली शतकांची झाडे आजही आढळतात. लाकूड म्हणून झिडकारणे आणि आकाशाचे लाडके म्हणून पूजणे या दोहोंच्या मधली ही तिसरी वाट. या वाटेचे चित्र कारने काढले नाही. स्तंभ काढले, स्तंभ ज्यातून निघाला ते व्रण असलेले, जिवंत झाड नाही. एवढी उणीव मान्य करूनही आमचे मत बदलत नाही.

हा विषय केवळ संग्रहालयातला उरलेला नाही. २०२० साली सिएरा नेवाडात लागलेल्या एका वणव्यात जगातील मोठ्या सिकोया वृक्षांपैकी १० ते १४ टक्के नष्ट झाले असा तेथील वनतज्ज्ञांचा अंदाज आहे. हजारो वर्षे ज्या आगी या झाडांनी सोसल्या त्या जमिनीलगतच्या असत. त्यांवाचून त्यांची बी रुजतच नाही. शतकभर आगी दाबून ठेवल्याने रान दाटले आणि ज्वाळा शेंड्यापर्यंत गेल्या. २०२२ साली वणवा मारिपोसाच्या वनात शिरला तेव्हा ग्रिझली जायंटच्या बुंध्याभोवती पाण्याचे फवारे लावून त्यास वाचवावे लागले. आज बीअरस्टाटच्या चित्रासमोर उभा राहणारा मनुष्य त्या पेराएवढ्या माणसांकडे पूर्वीसारखा पाहू शकणार नाही. आणि कारच्या व्हँकूवर बेटावर, फेअरी क्रीक येथे, २०२१ साली जुन्या झाडांची तोड अडवणाऱ्या हजाराहून अधिक लोकांना अटक झाली.

आपल्याकडे काय? सह्याद्रीतील देवरायांची पद्धतशीर पाहणी वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात केली. देवाच्या धाकाने राखलेली ही वने वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांत आली, कथा-कादंबऱ्यांत आली. चित्रात ती किती आली? मराठी चित्रकारांनी निसर्गचित्रे उदंड काढली : घाट, मंदिरे, नद्या, बाजार. इंदूरला जन्मलेल्या आणि १९५० पासून वडोदऱ्याच्या विद्यापीठात शिकवलेल्या ना. श्री. बेंद्रे यांचे रंगावरील प्रभुत्व आम्ही कोण वर्णन करणार? परंतु एका विशिष्ट, नावाच्या, जुन्या झाडापुढे वर्षानुवर्षे बसलेला मराठी चित्रकार आमच्या पाहण्यात नाही. आपण झाडाला दोरा गुंडाळतो, शेंदूर लावतो, पार बांधतो. बहुधा त्यामुळेच त्याच्याकडे पाहावयाचे राहून जाते.

अर्थात आमची पाहणी तोकडी असू शकते. सयाजीराव महाराजांनी १८९० साली काढलेल्या कलाभवनात शिकलेल्या मंडळींचे वंशज आपल्या सभासदांत पुष्कळ आहेत. त्यांच्या घरी माळ्यावर, ट्रंकांत, आजोबा-पणजोबांच्या अभ्यासवह्या आणि जलरंगातील चित्रे पडून असतील. त्यांत कबीरवडाचे, कमाटीबागेतील एखाद्या झाडाचे किंवा आता रस्ता रुंदीत गेलेल्या एखाद्या वडाचे चित्र निघाल्यास संबंधितांनी ते मंडळाच्या कार्यालयात दाखवावयास आणावे, अशी विनंती आहे. चित्रामागे जागेचे नाव व साल लिहिलेले असल्यास उत्तमच. नसल्यास घरातील वडीलधाऱ्यांना विचारून ते पेन्सिलीने लिहून ठेवावे.